संदेश, तुझं वजन बसलं होतं

डोळे उघड, संदेश, ए, डोळे उघड ना. मी ओरडत होते आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, कारण त्या हॉलमध्ये स्पीकरवर कुणाचं तरी नाव पुकारत होते आणि पोरं टाळ्या वाजवत होती. आपली परी माझ्या कडेवर, तिच्या हातातलं बिस्कीट तुझ्या छातीवर पडलं. तू आत्ताच वजनकाट्यावरून उतरला होतास. माझ्याकडं बघून अंगठा दाखवलास, वजन गटात बसलं म्हणून, आणि हसत हसत भिंतीला टेकून खाली बसलास. मग तुझी मान एका बाजूला गेली. मला वाटलं डोळा लागला. मी म्हणलं पण शेजारच्या बाईला, झोपू द्या जरा, लई दमलाय. आणि मग तुझी टाच फरशीवर आपटायला लागली, ठक ठक ठक, आपोआप.

तुझा दोस्त किरण पळत आला. तुमचे शिकवणारे सर पळत आले, त्यांच्या हातात ते मीठ-साखरेचं पाणी तयारच होतं, बाटली तुझ्या दातांवर लागत होती आणि पाणी गळ्यावरून खाली. आत काही जाईना. "तोंड उघड रे पोरा, तोंड उघड," सर म्हणत होते. कुणाचा तरी टेम्पो होता बाहेर, मागं भाजीचे रिकामे क्रेट, ते खाली फेकून तुला घातलं. चाकणच्या चौकात ट्रकच ट्रक. किरण उतरून पुढं पळत होता आणि एकेका ट्रकच्या दारावर थापा मारत होता, "बाजू घे भावा, बाजू घे, माणूस मरतोय." मी तुझं डोकं मांडीवर धरलं होतं. तुझ्या कपाळाला घाम नव्हता. एवढं गरम कपाळ आणि घामाचा थेंब नाही.

डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी गेलं, मीठ गेलं, हृदय थांबलं. मी म्हणलं, अहो पण त्याचं वजन बसलंय. असं म्हणले मी.

संदेश, मला लिहिता येत नाही माहितीये तुला, आठवीत शाळा सुटली ती सुटली. हे मी तुझ्याच मोबाईलमध्ये बोलतेय, तो अक्षरं काढतोय, चुकलं तर चुकलं. आणि हे मी तुमच्या टीमच्या ग्रुपवर टाकणारे. तुझ्याच नंबरवरून जाईल. सगळ्यांना दचकायला होईल, पण माझा नंबर त्या ग्रुपमध्ये नाही, मी काय करू.

आत्यासमोर मी तुला अहो म्हणायचे. माझ्या बापाची बहीण, आता माझी सासू, लहानपणापासून तिच्या मांडीवर खेळले मी, पण लग्न झाल्यावर तिला आपलं सुनेनं अहो म्हणलेलं पाहिजे. दोघंच असलो की तू. आता दोघंच आहोत असं समजून बोलते.

लग्न होऊन मी परभणीहून दापोडीत आले तेव्हा तू कसा होतास ते या ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांना माहीत नसेल. चाकणला कंपनीत, ठेकेदाराकडं, सेकंड शिफ्ट सुटली की बसमधून उतरायचं आणि घरी यायच्या आधी कुठंतरी बसायचं. बसायचं म्हणजे प्यायचं. मग गल्लीत कुणाशी तरी मारामारी, शर्ट फाटलेला. आत्या दार उघडायची आणि काही बोलायची नाही, ताट वाढायची. मी पोटुशी होते. मी पण बोलायचे नाही. भ्यायचे मी.

मग कंपनीतला किरण तुला घेऊन गेला रेल्वे फाटकाजवळच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये. मला वाटलं आणखी एक अड्डा. तू घरी आलास तर तोंडाला वास नाही आणि कान लाल. "काय केलं?" म्हणलं. "फरशी पुसली," म्हणलास. सरांनी पहिला महिनाभर तुला मॅटच पुसायला लावली होती, ती जाड गादीसारखी असते ती. किरण सांगायचा, वहिनी, याला वाटत होतं आल्या आल्या कुणाला तरी आपटायचंय.

जुजुत्सु म्हणजे काय ते मला तू आपल्या स्वयंपाकघरात शिकवलंस. तो जाड पांढरा कुडता-पायजमा वाळत टाकला की आपली अख्खी दोरी भरायची, आत्या म्हणायची याच्यात तर दोन गोधड्या होतील. बुक्की नाही मारायची, लाथ नाही मारायची. धरायचं, पाडायचं, अडकवायचं. आणि समोरच्याला सहन होईना की त्यानं हातानं दोनदा थोपटायचं, टॅप. थोपटलं की सोडायचं, लगेच, त्याच क्षणी. मला लई आवडलं होतं ते. मी म्हणलं, म्हणजे नको म्हणलं की ऐकतात? तू म्हणलास, ऐकावंच लागतं, नाही ऐकलं तर सर हॉलच्या बाहेर काढतात. त्यानंतर आपली भांडणं पण तशीच झाली. मी वाढवत नेलं की तू माझ्या मनगटावर दोन बोटं आपटायचास आणि मला हसू यायचं आणि भांडण संपायचं. आपल्या गल्लीत कुणाचा नवरा असं करत नाही.

यंदा दिवाळीनंतर तुमचा सीझन सुरू झाला. पहिली स्पर्धा हिंजवडीकडं, काचेच्या बिल्डिंगींच्या मागं कुठल्यातरी जिममध्ये. पहिल्याच फेरीत हरलास आणि परतीच्या बसमध्ये मलाच चिडून बोललास, "तू कामून डोळे झाकले? तू डोळे झाकले की मला दिसतं." मी म्हणलं, तुझा गळा आवळतोय तो, मी काय आरती करू? मागच्या सीटवर किरण आणि तुमच्या हॉलमधली प्राची एवढे हसले की कंडक्टर ओरडला.

दुसरी चऱ्होलीला, शाळेच्या हॉलमध्ये. तिथं तर तू एकेकाला असा काही अडकवत गेलास की मी डोळे झाकायचं विसरले. आणि फायनलला समोर कोण तर किरण. मी परीला खांद्यावर घेतलं. म्हणलं आता बघ बाप. तर तुम्ही दोघं गेलात, वाकलात, हात मिळवला, मिठी मारली आणि तू बाजूला झालास. किरणचा हात वर. संपलं. मी तिथून ओरडले, "अरे लढा की! एवढ्या लांब हात मिळवायला आलो का आपण?" अख्खा हॉल वळून बघायला लागला. तू लाजलास. नंतर सर माझ्याकडं आले, हात जोडून हसत म्हणाले, "ताई, आमच्यात एका हॉलची पोरं बाहेर एकमेकांशी लढत नाहीत. फायनलला दोघं आली की जो आधीचा, त्याला सोनं." मी म्हणलं, सर, हा रोज तर लढतो किरण भाऊजींशी. सर म्हणाले, "घरात लढतो ना. चारचौघांत भावाला कोण पाडतं?"

मला पटलं नाही, पण छान वाटलं. एवढा मान कुणी शिकवला होता का तुला आधी?

आणि तेच पुढं नडलं बघ. चाकणची तिसरी स्पर्धा मोठी, तिथून पुढं राज्याला निवडणार, आणि तिथं नियम, एका हॉलचा एका वजनात एकच जण. तू आणि किरण एकाच वजनाचे. तू लगेच म्हणलास मी खाली जातो. खालच्या वजनात. मी भांडले. ते भांडण अजून संपलेलं नाही, संदेश, मी अजून भांडतेच आहे तुझ्याशी.

"वर जा ना मग. खाऊन तरी जाता येतं."

"वर आधीच आपलाच माणूस आहे. आणि वरची पोरं म्हणजे रेडे आहेत नुसते."

"मग हॉलमध्ये लढा दोघं, जिंकेल तो जाईल."

"असं नसतं मनू आमच्यात. जो आधी आला, वजन त्याचं. किरणनं मला हाताला धरून आणलं तिथं. त्याला उठवू का मी?"

"मग नको जाऊ. पुढच्या वर्षी जा."

तू म्हणलास, "पुढच्या वर्षी ठेका राहील का माहीत नाही. हे एक माझं आहे." यावर आज बोलता येईल, पण आज काय उपयोग.

तुझ्या अंगावर उतरवायला काही नव्हतंच रे. आधीच काटकुळा तू. भाकरी बंद केलीस, भात बंद, मग मीठ, मग शेवटी पाणी. कंपनीत पार्ट ज्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतात ते आणलंस, अंगाला गुंडाळून वर जर्किन घालून फाटकापासून स्टेशनपर्यंत उन्हात पळायचास. लोक वळून बघायचे. शेवटच्या दिवशी चिंगम चघळून एका बाटलीत थुंकत बसला होतास, थुंकलं की तेवढं पण वजन कमी होतं म्हणून. परीनं विचारलं, पप्पा काय करतात? आत्या म्हणाली, कुस्ती करून राहिलेत माय, स्वतःशीच.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी तुला बटण लावता येईना. तुझी बोटं वाकडी झाली होती, पक्ष्याच्या पायासारखी, सरळच होईनात. ओठ फुटलेले. मी एक पेला पाणी आणलं, तू तोंड फिरवलंस. मग मी तुला न विचारता सरांना फोन लावला. म्हणलं, सर, याची बोटं वाकडी झालीत, मला लई भीती वाटतेय, याला आज राहू द्या. सर म्हणाले, "ताई, घाबरू नका. वजन उतरवताना सगळ्यांचं होतं असं. माझं पण झालंय. काट्यावरून उतरला की मी स्वतः पाणी पाजतो, तासाभरात घोडा होतो. तो वाघ आहे आपला." आणि तेवढ्यात तू फोन ओढून घेतलास आणि म्हणलास, "काही नाही सर, बायको आहे, घाबरते."

मी घाबरते. व्हय. मी घाबरते.

तुम्हाला प्रत्येक पकडीवर थोपटायला शिकवलं, संदेश. गळ्याला, हाताला, गुडघ्याला. काट्यासमोर थोपटायला कुणी शिकवलं नाही.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मी पण हॉलमध्ये येणार होते. सरांना मी चऱ्होलीलाच विचारून ठेवलं होतं, तुला न सांगता. सर म्हणाले, "या की ताई, परीला पण आणा, पोरींची बॅच वाढली पाहिजे." तुझी चाकणची स्पर्धा झाली की सांगणार होते. मी एक दिवस गुपचूप माझी जुनी सलवार घालून आरशासमोर वाकून पण बघितलं, तुम्ही मॅटवर जाताना वाकता तसं. तू हसला असतास. तू किती हसला असतास ते मी रोज बघते डोळ्यांपुढं.

आपल्या बौद्ध रीतीनं जलदान विधी झाला तुझा. मांडव टाकला होता गल्लीत. अख्खी टीम आली. सर सगळ्यात मागं, चपला काढतात तिथं बसले, पुढं या म्हणलं तरी येईनात. किरण तुझ्या फोटोकडं बघत नव्हता. वंदना झाली, लोक पंगतीला बसले. आदल्या दिवशी पोलीस चौकीतून एक मॅडम येऊन गेल्या होत्या, म्हणाल्या, तुमचा जबाब राहिलाय, उद्यानंतर या. किरणला ते कळलं होतं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, जबाबात त्या फोनचं... तेवढं नाही सांगितलं तर चालेल का?"

"तुम्हाला कसं माहीत फोनचं?"

"सरांनीच सांगितलं. लेकरासारखे रडले वहिनी. ते काही म्हणत नाहीयेत, मीच म्हणतोय. सर आत गेले तर हॉल बंद. मग ही पोरं कुठं जातील? मी कुठं जाऊ?"

आत्यानं ऐकलं ते. मला वाटलं आता ही किरणच्या अंगावर धावून जाईल, पोटचा पोरगा गेलाय तिचा. तर ती मलाच म्हणाली, "मने, गप राहा माय. सर नसते तर माझं लेकरू कवाच गटारीत पडून गेलं असतं. तीन वर्षं म्या त्याला शुद्धीत बघितलं. ते त्या माणसानं दिलं मला." मी मान हलवली. खरंच हलवली. मी म्हणलं नाही सांगत. मला पण सर आवडतात रे. परीला पडल्यावर न रडता गोल कसं लोळायचं ते सरांनीच शिकवलंय.

मग मी बुंदी घेऊन पंगतीत वाढायला गेले. प्राचीसमोर ताट कोरडं. तुमच्यातली एकटी पोरगी, हिंजवडीला कंपनीत साफसफाईला जाते आणि तिथून थेट हॉलवर येते, तुला भाऊ म्हणायची. मी म्हणलं, घे ना गं, भावाचं जेवण आहे. म्हणाली, "नको वहिनी, रविवारी वजन आहे." शेवटची स्पर्धा होती ना सीझनची, पोरींची राज्याची निवड तिथंच. "आम्ही दादाच्या नावानं खेळणारे," म्हणाली. आणि ओढणी तोंडाशी नेली. ओढणीच्या आत बाटली होती. ती त्यात थुंकली.

तुझ्या जलदानाला, संदेश. पाण्याचा पेला तिच्या पुढ्यात तसाच भरलेला. तिच्या ओठांवर सालं निघालेली, मी बघितली. मी तिचा हात धरला, बोटं बघितली, अजून सरळ होती. ती म्हणाली, काय झालं वहिनी? मी तिथंच तिला म्हणलं, पी पाणी. ती म्हणाली, "वहिनी, एवढ्यानं काही होत नाही. दादाचं नशीब खराब होतं." मी सरांकडं बघितलं. सर खाली मान घालून बसलेले, त्यांना दिसत पण नव्हतं. किरण तिच्या शेजारीच बसला होता. त्याला दिसत होतं, पण त्याला ते रोजचं आहे. तुम्हाला सगळ्यांना ते रोजचं आहे. मला सांग, मी कुणाला सांगायचं होतं मग? सरांना? सरांना मी एकदा सांगितलं होतं.

मी चौकीत गेले. परीला घेऊन, कारण आत्यानं घ्यायला नाही म्हणलं. आयुष्यात कधी चौकीची पायरी चढले नाही, तू दारू पिऊन मारामाऱ्या करायचास तेव्हा पण आत्याच जायची. मॅडमनी खुर्ची दिली, परीला पेन दिला खेळायला. सगळं विचारलं आणि मग म्हणाल्या, "सकाळी त्रास होत होता, ते कुणाला कळवलं होतं का?" साधं विचारलं, जेवलात का विचारतात तसं. नाही म्हणलं असतं तर तिथंच संपलं असतं. मी सांगितलं. सर काय म्हणाले ते सांगितलं. तू फोन ओढून घेतलास, ते पण सांगितलं, सगळं सरांवर नको जायला म्हणून. प्राचीचं सांगितलं. सांगताना परी माझ्या तोंडाला हात लावत होती.

बाहेर आले तर सर बाकावर. त्यांना पण बोलावलं होतं. मला बघून उठले आणि म्हणाले, "बसा ताई, लेकराला घेऊन उभ्या राहू नका." काय सांगितलं म्हणून विचारलं नाही. मी बसले त्यांच्या जागेवर. ते भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हॉलला कुलूप आहे आता. रविवारी कुणी गेलं नाही खेळायला. प्राचीचा फोन आला, रडत होती, चिडली होती, "वहिनी, माझं राज्याला झालं असतं ओ. तुम्ही माझं वर्ष घालवलं. दादानं कधी असं केलं नसतं." मी विचारलं, जेवलीस का? तिनं फोन ठेवला.

ती खरं बोलली, संदेश. तू असं केलं नसतंस. तुझ्या जागी प्राची गेली असती तर तू सरांसाठी गप्प बसला असतास, चारचौघांत आपल्या माणसाला पाडायचं नाही म्हणून. मला माहितीये. तू माझ्यावर रागावला असशील. मी पण तुझ्यावर रागावलेय, आणि तरी तू मला दिलेलं ते आठवतं, की तू मला नको म्हणायला शिकवलंस आणि म्हणलास, ऐकावंच लागतं. तूच ऐकलं नाहीस. मी तुझ्यासारखी धीराची नाही. मी भीतीनं सांगितलं. मला परत कुणाच्या टाचेचा तो आवाज ऐकायचा नव्हता.

आता तू बोलत नाहीस म्हणून या ग्रुपमधल्यांना विचारते. किरण भाऊजी, प्राची, बाकीची पोरं, आणि सर, तुम्ही पण वाचत असाल तर. मला कुणी बोलत नाही, चालेल, आत्या पण बोलत नाही. फक्त खरं सांगा. कडेवर लेकरू आहे, समोर मॅडम विचारतायत, आणि ज्यानं तुमच्या माणसाला माणूस केलं तोच बाहेर बाकावर बसलाय. तिकडं प्राचीनं सकाळपासून पाण्याला तोंड लावलेलं नाही.

तुम्ही काय केलं असतं?